एकटा जीव सदाशिव, पण फक्त भगव्यातच?

वाचकहो, नागपुरातली धंतोली तुम्हाला काही नवीन नाही. गावात कोणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की आपली गाडी धंतोलीतल्याच एखाद्या दवाखान्यासमोर येऊन थांबते. हिवाळी अधिवेशनात कापसा-सोयाबीनच्या भावासाठी मोर्चे निघतात, तेही यशवंत स्टेडियमपासून. याच धंतोलीत १९२८ पासूनचा रामकृष्ण मठ आहे. तिथल्या संन्याशांना ना बायको, ना लेकरं. तरी धर्मार्थ दवाखाना चालतो, वाचनालय चालतं, मराठी पुस्तकं छापली जातात, 'जीवन विकास' मासिक निघतं. एकट्या माणसांनी उभा केलेला हा केवढा मोठा प्रपंच! तिथं जाऊन आपण कधी विचारतो का, "महाराज, तुमचं लगन काहून नाही झालं जी?" नाही विचारत. वाकून नमस्कार करतो आणि प्रसाद घेऊन येतो.

आता गावात परत या. चाळिशीतला बिनलग्नाचा शेतकरी समोरून गेला की पारावरचे चौघं एकमेकांकडे पाहून हसतात. नोकरी करणारी पस्तिशीची लेक लग्नाला नाही म्हणाली, तर "काहीतरी खोट असंल" असं ठरवून मोकळे होतात. म्हणजे भगव्या कपड्यातला एकटा तो साधू, आणि धोतर-पातळातला एकटा तो बिचारा. हा न्याय कुठला?

आपल्या परंपरेला एकट्या माणसाचं वावडं कधीच नव्हतं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चारही भावंडं बिनलग्नाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी स्वतःचा संसार मांडला नाही, पण अख्ख्या गावाचा संसार कसा करावा ते 'ग्रामगीते'त सांगून ठेवलं. विनोबा आजन्म ब्रह्मचारी. त्यांनी तर ही वाट बायांसाठीही मोकळी केली. नागपूरहून वर्ध्याला जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागतं. तिथं १९५९ साली त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. लग्न न करता राहायचं ठरवलेल्या बहिणी तिथं जमल्या. शेती त्यांनीच केली, स्वयंपाक पाळीपाळीने त्यांनीच केला, छापखाना त्यांनीच चालवला. निर्णय सर्वांच्या संमतीने, कोणी मालकीण नाही. बाई एकटी राहिली की तिचं वाटोळं होते म्हणणाऱ्यांनी एकदा पवनारला उतरून पाहावं.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. आपण साधे कास्तकार. बरोबर. पण एकटं राहण्याचं सुख काही फक्त मोठ्यांसाठी राखून ठेवलेलं नाही. एकट्या माणसाला यंदा तूर पेरायची की कपाशी, हे ठरवताना घरात भांडण होत नाही. पिकाचे पैसे आले की कुठं लावायचे ते तोच ठरवतो. सावकाराच्या दारी नेणाऱ्या कारणांत लग्नाचा खर्च असतो, हे तुम्हाला सांगायला नको; ते ओझं त्याच्या डोक्यावर नाही. आषाढीला पंढरपूरला निघायचं तर पिशवी उचलली की झालं. भावाच्या लेकरांच्या शाळेसाठी हात मोकळा. संध्याकाळी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. रात्री झोप शांत. "एकटा जीव सदाशिव" ही म्हण आपल्याच लोकांनी केली, ती काय उगाच?

याचा अर्थ लग्न वाईट, असं माझं म्हणणं नाही. आणि मनानं एकटं राहणं वेगळं, नाइलाजानं राहावं लागणं वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. पोरींची संख्या घटवली आपणच, शेतीचा भाव पडला तो वेगळा. त्या पोरांना हसू नका. पण पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. नवरी मिळेपर्यंत आयुष्य थांबवून ठेवू नका. विहीर, गोठा, शिक्षण, प्रवास, मित्र, हे सगळं आजच आहे. बायको आली तरच माणूस पूर्ण होतो, हे ज्यानं तुमच्या डोक्यात भरवलं त्यानंच तुम्हाला दुःखी केलं.

आता सरपंचसाहेब, तलाठीभाऊ, ग्रामसेवकभाऊ, तुमच्याशी दोन शब्द. एकट्या माणसाचं सुख तुमच्या दप्तरातही अडतं. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे, मग ती सासरी जावो की जन्मभर माहेरी राहो. तिला भावांसाठी हक्कसोड करायला लावण्याआधी तिची खुशी आहे का, हे विचारा. आधार नसलेल्या एकट्या बाईला, एकट्या पुरुषालाही अंत्योदयच्या निकषांत जागा आहे. संजय गांधी निराधार योजनेत पस्तिशीपुढची निराधार अविवाहित स्त्री बसते. ही माहिती कचेरीच्या भिंतीवर लावा. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तेव्हा नियमात एका कुटुंबातली एकच अविवाहित बाई धरली गेली. एका घरात दोघी बहिणी बिनलग्नाच्या असल्या, तर दुसरी कोणाची लाडकी? हा प्रश्न तुम्ही वर पोचवायला पाहिजे.

आणि गावाला मनात आलं तर काय होऊ शकतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवलं. मे २०२२ मध्ये तिथल्या गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. हळदीकुंकवाला गावातल्या प्रत्येक एकट्या बाईला बोलवायचं, एवढा ठराव करायला पैसा लागत नाही.

एकटं राहण्यात खरी भीती एकच, दुखण्याची. धंतोलीच्या दवाखान्यात कागद पुढे येतो, "नातेवाईक कोण? सही करा." तेव्हा एकट्याचा जीव खाली-वर होतो. हे लक्षात ठेवा, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण रात्री उशाशी बसायला, डबा आणायला कोर्ट येत नाही. तिथं शेजारी लागतो. ज्या एकट्या काकानं तुमच्या पोरीच्या लग्नात चार दिवस पाणी भरलं, त्याच्या उशाशी दोन रात्री बसणं तुमच्याकडे लागतं.

तेव्हा पुढच्या खेपेला धंतोलीत आलात तर मठात जाऊन दर्शन जरूर घ्या. आणि गावात परतल्यावर त्या एकट्या काकाला, त्या बिनलग्नाच्या ताईला "कधी करतेस लग्न?" हे विचारू नका. "कशी आहेस ताई, काम कसं चाललं?" एवढंच विचारा. त्यांचं सुख त्यांचं त्यांना भोगू द्या.