कणसाचा धर्म कोणता?

ख्रिस्ती शेतकऱ्याने पोळ्याला बैल सजवावा काय? सणाचे मूळ परधर्मी म्हणून नकार देणाऱ्यांनी जरा गोव्याकडे पाहावे. १७३६ मध्ये तेथील इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांच्या अंगणात तुळस लावण्यासही मनाई केली. तरी नव्या कणसांचा सण टिकलाच. राय गावी ५ ऑगस्टला भाताच्या नव्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद देतात. हिंदूंच्या 'नव्या'शी त्याचे नाते उघड आहे. आणि नाताळची २५ डिसेंबर ही तारीख तरी बायबलात कोठे आहे? सण कोठून आला यापेक्षा आपण आभार कोणाचे मानतो, हे पाहावे. बैलाची पूजा न करताही त्याला एक दिवस विश्रांती व पुरणपोळी देता येते. कृतज्ञतेला बाप्तिस्मा लागत नाही!