संगणक झोपायला वेळ का लावतो?



हल्ली आपल्या बऱ्याच घरांत मुलांच्या शिक्षणासाठी संगणक आला आहे. बहुतेक ठिकाणी तो सेकंडहँड घेतलेला डेस्कटॉप असतो. त्याच्याबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते. ‘स्लीप’ दाबले की पडदा काळा होतो, पण खालचा डबा मिनिटभर, कधी दोन मिनिटे घरघरत राहतो. घरातली माणसे घाबरतात. कोणी सरळ भिंतीवरचे बटण बंद करतो, कोणी दुकान गाठतो. तिथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ नाही तर ‘नवाच घ्या’ असे उत्तर मिळाले, की पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे खर्ची पडतात. म्हणून दोष कुठे आहे हे आधी आपणच तपासावे. त्याला एक पैसा लागत नाही.

प्रथम ही झोप म्हणजे काय ते समजून घेऊ. काम चालू असताना आपला मजकूर रॅममध्ये असतो. वीज गेली की रॅम कोरी होते. साध्या स्लीपमध्ये बाकी यंत्र थांबते आणि फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होते. तिसरा प्रकार ‘हायब्रिड स्लीप’. यात आधी डिस्कवर नक्कल उतरते, मग संगणक झोपतो. विंडोजच्या अनेक डेस्कटॉपवर हाच प्रकार मुळापासून चालू असतो. उशीर होतो तो येथे. साधा हिशेब करा. जुनी फिरती डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिते असे धरले, तर ४ जीबी लिहायला ४० सेकंद लागणारच. तेव्हा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर संगणक बिघडलेला नाही, तो लिहीत आहे. अशा वेळी बटण बंद केले तर न साठवलेले काम जाते आणि एखादी फाइलही बिघडू शकते.

आता तपासणी. एका वेळी एकच बदल करावा आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहावे.

पहिले, सर्व काम सेव्ह करून संगणक रिस्टार्ट करा. काहीही न उघडता स्लीप द्या. लवकर झोपला, तर दोष उघड्या राहणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा. ते एकेक करून उघडून पाहा.

दुसरे, कीबोर्ड आणि माउस सोडून प्रिंटर, पेनड्राइव्ह, कॅमेरा काढून ठेवा. छपाईचे काम अर्धवट अडकले असेल तर ते रद्द करा. पेनड्राइव्ह मात्र ‘इजेक्ट’ करूनच काढावा.

तिसरे, कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तेथे चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज उघडा. स्लीपखाली ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’ दिसेल. ते ऑफ करून पुन्हा वेळ मोजा. काही नव्या संगणकांवर हा पर्याय दिसत नाही.

संगणक आपोआप झोपतच नसेल तर तक्रार वेगळी. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ देऊन ‘रिक्वेस्ट्स’ लिहा आणि एंटर दाबा. त्याला कोण जागे ठेवत आहे त्याचे नाव येते. सगळीकडे ‘नन’ आले तर त्या घडीला कोणी अडवत नाही.

हायब्रिड बंद करावे की नाही, हा खरा प्रश्न विजेचा आहे. यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर खुशाल बंद करा. पण जिथे वीज केव्हाही जाते, तिथे ते चालूच ठेवावे. साध्या झोपेत वीज गेली तर न साठवलेला शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा प्रकल्पाची पाने पुसली जातील. डिस्कवर नक्कल असेल तर ती परत मिळतात. एक मिनिटाच्या सोयीसाठी मुलीची रात्रभराची मेहनत पणाला लावू नये. ज्यांना पुढे खर्च झेपेल, त्यांनी फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. ती पुष्कळ वेगाने लिहिते, म्हणून हायब्रिड ठेवूनही उशीर कमी होतो.

‘संगणक वेगवान करा’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरे मात्र घेऊ नका. ही तपासणी घरातल्या मुला-मुलींकडूनच करून घ्या, आई-वडिलांनी शेजारी बसावे. यानंतरही दुकानात जावे लागले तर ती वही सोबत न्या. काय तपासले आणि किती सेकंद लागले हे ज्याला सांगता येते, त्याला उगाच खर्चात पाडणे सोपे नसते.