एका दुपारच्या तीन हकिगती

मावळात बऊर गावाजवळ ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, पोलिसांच्या गोळीबारात तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एक स्त्री होती. एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. पोलीस म्हणाले, जमावाने द्रुतगती मार्ग अडविला, दगडफेक केली, स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडाव्या लागल्या. शेतकरी म्हणाले, आम्ही पवनेच्या पाण्यासाठी जमलो होतो.

अशा वेळी सत्य मध्ये कोठे तरी असेल, असे म्हणून मोकळे होण्याची आम्हां सुशिक्षितांस सवय आहे. ती सोयीची खरी. परंतु येथे मुळात हकिगत कोठून आरंभायची यावरच मतभेद आहे. पोलिसांची पहिल्या दगडापासून सुरू होते. शेतकऱ्यांची त्याच्या कितीतरी आधी, धरणापासून निगडीपर्यंत बंद नळ टाकण्याच्या योजनेपासून. धरणाचे पाणी नदीतून वाहत येते व रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. ते नळातून गेले तर काठच्या शेतांना काय उरणार? तिसरी हकिगत आम्हां शहरवासीयांची. ती घरचा नळ किती वाजता येतो येथून सुरू होते, आणि तिच्यात मावळाचे नावही येत नाही.

पोलीसच गाड्या फोडीत असल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली, तेव्हा सरकारी हकिगतीस तडा गेला. चौकशी आयोग नेमला गेला, योजनाही स्थगित झाली. ती पुन्हा पुढे सरकविताना पहिली सुनावणी मावळातील गावांत व्हावी, आणि ती ऐकावयास या शहराच्या लोकप्रतिनिधींनी स्वतः जावे, अशी आमची मागणी आहे.