समुद्र सगळ्यांचा, पण पार्किंग कुणाचं?

परवा एका पॉटलकला विनोद खोसलांचा विषय निघाला. "पुण्यात जन्मलेला माणूस, स्वतःच्या पैशानं जमीन घेतली, फाटक लावलं, तर सरकारच्या पोटात का दुखावं?" असं एक मित्र म्हणाला आणि चार-पाच माना डोलल्या. माझ्या तोंडात तेव्हा बटाटेवडा होता, म्हणून उत्तर इथे देतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या दक्षिणेला मार्टिन्स बीच नावाची छोटीशी पुळण आहे. दोन्ही बाजूंना कडे, खाली उतरायला एकच रस्ता. आधीचे मालक गाडीमागे थोडे पैसे घेऊन लोकांना आत सोडत. खोसलांनी २००८ साली ती जमीन ३ कोटी २५ लाख डॉलरना घेतली आणि पुढे फाटक बंद झालं.

आता माझ्या मित्राची पहिली चूक. जमीन त्यांची, पण वाळू त्यांची नाही. इथे सरासरी भरतीरेषेच्या समुद्राकडची ओली वाळू जनतेची असते. पाण्यापर्यंत जायची वाट अडवू नये असं राज्याच्या १८७९ च्या घटनेतच आहे. उत्तरेकडे सी रँच नावाच्या वसाहतीनं दहा मैल किनारा लोकांना बंद केला, तेव्हा लोक खवळले. १९७२ साली मतदान झालं आणि त्यातून १९७६ चा किनारा कायदा आला. या कायद्यातली 'विकास' या शब्दाची व्याख्या मला फार आवडते. पाण्यापर्यंतचा लोकांचा वावर कमी-जास्त करणं हाही 'विकासच', म्हणजे परवानगी हवी. फाटकाला कुलूप घालणं हे कायद्याच्या दृष्टीनं हॉटेल बांधण्याच्याच पंगतीतलं! २०१७ साली अपील कोर्टानं हेच धरलं आणि २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खोसलांचा अर्ज ऐकायलाही नकार दिला.

यावर मित्राचं पुढचं म्हणणं: "ओली वाळू पब्लिकची आहे ना? मग होडीनं जा." तो विनोद करत होता, पण खरी मेख तिथेच आहे.

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही मालिबूला गेलो. घरांची अखंड भिंत, मध्ये कुठे बोळ असेल तर सापडत नाही. गाडी लावायची तर जिकडेतिकडे मनाईच्या पाट्या. त्यातल्या काही मालिबूकरांनी स्वतःच ठोकलेल्या असतात, खोटी गॅरेजची दारंही रंगवलेली असतात, हे मला नंतर कळलं. शेवटी मैलभर लांब गाडी लावून गुडघेदुखीवाल्या आईला चालवत नेली. ओल्या वाळूवर बसून डबा उघडतोय तोच एक रखवालदार आला आणि हा खाजगी बीच आहे म्हणाला. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, पण बाबा आधीच चटई गुंडाळत होते. "परमुलुखात कशाला वाद?" पीएचडी झालेला मुलगा बरोबर होता आणि तरी आम्ही उठलो.

म्हणून मला किनाऱ्याच्या आराखड्यातली बाकं, हिरवळ, सेल्फीचे चौथरे बघून काही वाटत नाही. मी आधी बस कुठे थांबते, गाडी कुठे लावायची, संडास किती अन् उतार किती हे बघतो. डेव्हिड गेफेन या सिनेनिर्मात्यानं १९८३ साली बांधकामाच्या परवानगीच्या बदल्यात घराशेजारून वाट द्यायचं कबूल केलं होतं. ती उघडली २००५ साली. बावीस वर्षं ती वाट फक्त कागदावर होती!

आणि सरकारनं 'उद्यान' म्हटलं की लगेच टाळ्याही वाजवू नयेत. मॅनहॅटन बीचला ब्रूस नावाच्या कृष्णवर्णीय दांपत्याचं समुद्रकाठी विश्रामगृह होतं. कृष्णवर्णीयांना हक्कानं जाता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक. १९२४ साली नगरपालिकेनं बाग करायची म्हणून जमीन सक्तीनं घेतली, आणि पुढे कित्येक दशकं तिथे नुसता माळ होता. २०२२ साली ती वारसांना परत मिळाली, पुढच्या वर्षी त्यांनी ती काउंटीला सुमारे २ कोटी डॉलरना विकली. बाग हेही माणसं हाकलायचं हत्यार असू शकतं.

माझ्यातल्या इंजिनियरला सतावतं ते वेगळंच. ती भरतीरेषा ही १८.६ वर्षांच्या भरत्यांची सरासरी असते, कारण चंद्राचं एक आवर्तन तेवढ्या काळाचं. रेषा स्थिर नाही. समुद्र वर येतोय, तसा किनारा आत सरकायला बघतो. पण मागे मालकाची संरक्षक भिंत असली तर सरकणार कुठे? मधली वाळू, म्हणजे नेमका जनतेचा वाटा, पाण्याखाली जाते. एकही फाटक न लावता. भिंतीची परवानगी देणारा हाच खरा नियोजनकार, बाकांचा रंग ठरवणारा नव्हे.

"मग मुंबईत काय मोठं?" हेही त्याच पॉटलकला ऐकलं. कोस्टल रोडच्या भरावावर फिरायला जागा झाली, चांगलंच आहे. पण तिथे समुद्र असा की जो काठावरून बघायचा, पायाला लागत नाही. आणि वरळीच्या कोळ्यांना होड्या नीट जाव्यात म्हणून दोन खांबांतलं अंतर ६० चं १२० मीटर करून घ्यायला भांडावं लागलं. त्यांची वाट आराखड्यात आधीपासूनच का नव्हती?

असो. या उन्हाळ्यात आई-बाबा परत येताहेत. भरतीचं वेळापत्रक आणि कायद्याचं ते पान छापून गाडीत ठेवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.