जुनं यूव्ही मशीन घेताय? दिव्याआधी फ्रेम बघा

सायनोटाइपचे निळे प्रिंट विकायचे ठरवलं की लगेच प्रश्न येतो, "सर, यूव्ही मशीन कोणतं घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. जुनं घ्या, पण व्हॅक्यूम फ्रेम बघून घ्या.

ट्यूब नंतर बदलता येते. पण निगेटिव्ह आणि कागद घट्ट चिकटले नाहीत, तर प्रिंट धूसरच येणार. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे गेलात की आधी पंप चालू करायला सांगा. रबर शीट सगळीकडे सारखी बसते का? काचेला तडा आहे का? कोटिंग केलेला कागद काळ्या पाकिटात सोबत न्या, तिथेच प्रिंट काढून पाण्यात धुवा. कडा फिक्या आल्या तर भाव पाडा.

ट्यूब 365 नॅनोमीटरच्या आसपासची हवी. वॉटर प्युरिफायरमधली 254 ची नकोच. तो प्रकाश साध्या काचेतून जात नाही, वर डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो.

आणि घाई कशाला? पहिल्या ऑर्डरी उन्हात काढा, ऊन फुकट आहे. पावसाळ्यात ऑर्डर अडायला लागल्या, की त्याच कमाईतून मशीन घ्या. कर्ज काढून नको.