बुडालेलं जहाज कशाला जपायचं?

क्रूझ स्टॉकहोमला एकच दिवस थांबली. बरेच जण खरेदीला पळाले, मी वासा संग्रहालय गाठलं. १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरातच बुडालेली ही युद्धनौका १९६१ साली वर काढली. कारण? वरचा भाग जड, स्थिरता कमी. आधी ३० माणसं डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोललं की चाचणीच थांबवली! पण राजाला घाई. नाही म्हणणार कोण?

स्वीडननं ही फजिती लपवली नाही, संग्रहालयात नीट मांडली. आणि आपण? रीडिंग चुकलं की जर्नलमध्ये 'अ‍ॅडजस्ट', प्रोजेक्ट फसला की अडगळीत. मित्रहो, लॅबमध्ये फसलेल्या मॉडेल्ससाठी एक कपाट हवंच, सोबत फसल्याचं कारण लिहून. पहिलं मॉडेल माझं घ्या!