युरोपला जावे, पण काय पाहावे?

डिसेंबर लागला की आपल्या बेटावर तीन गोष्टी एकदमच येतात : गुलमोहराचा बहर, बाजारात लिचीचे घोस आणि हातात वर्षअखेरचा बोनस. शाळा बंद झालेल्या असतात, उसाची कापणी आटोपलेली असते. अशा दिवसांत प्लेझांसच्या विमानतळावर जाऊन पाहावे. जाड लोकरी कोट हातावर टाकून, घाम पुसत रांगेत उभी असलेली जोडपी दिसतील. येथे अंगाची काहिली होत आहे आणि ही मंडळी अकरा-बारा तासांचा प्रवास करून पॅरिस-लंडनच्या कडाक्याच्या थंडीत निघालेली आहेत!

पूर्वी अशी सहल म्हणजे साखर कारखानदारांची व मोठ्या डॉक्टर-वकिलांची मिरास होती. आज शिक्षक, परिचारिका, पोलीस शिपाई, हॉटेलात काम करणारी आपली मुलेही जातात. २००९ सालच्या करारामुळे युरोपातील शेंगेन देशांत आपल्या पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत राहण्यास व्हिसा लागत नाही. ही सोय पुष्कळ मोठ्या देशांच्या नागरिकांनाही नाही.

या सहलींविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. सत्यनारायणाच्या पूजेनंतर प्रसाद खाताना वडीलधारी मंडळी म्हणतात, "एवढ्या पैशांत मुलासाठी वरचा मजला झाला असता. आणि मुलांना आजीकडे टाकून नवराबायकोने फिरायला जाणे आपल्या घरांत शोभते का?" तरुण मंडळी म्हणतात, "आयुष्य एकदाच मिळते. बँक कर्ज देते आहे, तर जाऊन यावे." आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. जावे, अवश्य जावे. पण कर्ज न काढता जावे, आणि आपल्या डोळ्यांनी पाहावे, दुसऱ्याच्या यादीप्रमाणे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम पैशाचे बोलू. एका युरोला आपले पन्नासाहून अधिक रुपये मोजावे लागतात. तेथे एक कप कॉफी पिताना मनातल्या मनात गुणाकार होतोच, तो कोणास चुकत नाही. म्हणून ज्यांनी दोन-चार वर्षे दरमहा थोडे थोडे बाजूला ठेवले, त्यांनीच जावे. आयफेल मनोऱ्याची आठवण काही महिन्यांत पुसट होते; बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या शेवटी न चुकता आठवण करून देतो. घरातील म्हाताऱ्यांचे औषध किंवा मुलांची फी अडत असेल, तर युरोप कोठे पळून जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. नवराबायकोने दोघांनीच जावे काय? वाचकहो, आपल्या घरांतील बाईचा दिवस आठवा. पहाटे उठून डबे, मग नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक, रात्री मुलांचा अभ्यास, रविवारी कोणाचे बारसे, कोणाचे तेरावे. सुट्टी लागली की पाहुणे येतात आणि तिचे काम दुप्पट होते. तिला सुट्टी कधी मिळते, हा प्रश्न आपण विचारतच नाही. आम्ही उभयतां दोघेही शिक्षक. एकवीस वर्षांच्या संसारात आमचे बहुतेक बोलणे वीजबिल, ट्यूशन आणि उद्याची भाजी यांभोवतीच फिरले. गेल्या हिवाळी सहलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे सारे विषय संपले. मग थंडीत चालता चालता लहानपणच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यांतल्या कित्येक एकमेकांना एकवीस वर्षांत सांगितल्याच गेल्या नव्हत्या. हे घरी बसून झाले नसते. मुले पंधरा दिवस आजीजवळ राहिली, डाळभात जेवली आणि आनंदात होती. ज्या घरात आईबाप एकमेकांशी बोलतात, त्या घराचा वरचा मजला थोडा उशिरा झाला तरी चालतो.

आता मुख्य मुद्दा : काय पाहावे? आमचे म्हणणे असे की, आपण बेटावरची माणसे युरोपला केवळ पाहुणे म्हणून जात नाही. आपल्या घराण्यांचे भवितव्य ज्या शहरांत ठरले, ती शहरे आपण पाहत असतो.

पॅरिसचेच घ्या. १८८९ साली उभारलेला, आज ३३० मीटर उंच असलेला आयफेल मनोरा सगळे पाहतात. तो ज्या मैदानाच्या टोकाशी उभा आहे त्याचे नाव शाँ द मार्स. हेच नाव आपल्या पोर्ट लुईच्या मैदानाला आहे. तेथे १८१२ पासून घोड्यांच्या शर्यती झाल्या, आणि तेथेच १२ मार्च १९६८ रोजी आपला चौरंगी झेंडा वर चढला. मनोऱ्याला लागूनच एक रुंद रस्ता आहे, त्याचे नाव ला बूर्दोने. १७३५ साली गव्हर्नर म्हणून येऊन ज्याने पोर्ट लुई उभारले, ज्याचा पुतळा आपण बंदरासमोर रोज पाहतो, तोच हा. आपली किती जोडपी त्या रस्त्यावरून चालत गेली आणि पाटी न वाचताच परतली?

पुढे विजय कमानीवर जावे. नेपोलियनच्या काळातील लढायांची नावे तिच्या भिंतींवर कोरली आहेत. त्यांत ग्राँ पोर हे नाव शोधावे. ऑगस्ट १८१० मध्ये आपल्याच किनाऱ्यावर फ्रेंचांनी इंग्रजांना समुद्रावर हरविले, ती ही लढाई. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतले, ते मात्र कमानीवर नाही. राष्ट्रे आपला विजय दगडात कोरतात आणि पराभव विसरतात, हा धडा वर्गात शंभर वेळा सांगण्यापेक्षा येथे एकदा दाखवावा. १८१४ साली याच पॅरिसमध्ये झालेल्या तहाने आपले बेट कायमचे इंग्रजांकडे गेले. बेटावरच्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

हॉलंडमध्ये बहुतेक जण ॲमस्टरडॅमचे कालवे पाहून परततात. थोडी वाट वाकडी करून हेग येथे जावे. तेथे मॉरित्सहाउस नावाचे सुंदर चित्रालय आहे. मोत्याचे डूल घातलेल्या मुलीचे फर्मीरचे प्रसिद्ध चित्र तेथेच आहे. नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हाच आपला मॉरिस. तो नव्हे! ते घर ब्राझीलमधील डच वसाहतीचा गव्हर्नर असलेल्या योहान मॉरित्सचे. १५९८ मध्ये डच खलाशांनी आपल्या बेटाला ज्याचे नाव दिले, तो राजपुत्र मॉरित्स जवळच्या डेल्फ्ट गावातील नव्या चर्चमध्ये विश्रांती घेत आहे. त्याने आपले बेट कधी पाहिले नाही. पण त्याच्या देशबांधवांनी १६३९ साली जावाहून ऊस आणून येथे लावला, आणि त्या उसानेच पुढे दोन शतकांनी आपल्या पूर्वजांना येथे ओढून आणले. एका परक्या गावातील थंडगार चर्चमध्ये हा हिशोब मनात मांडला की अंगावर काटा येतो.

हेगमध्येच शांतिमहाल आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालय तेथे बसते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी याच न्यायालयाने तेरा विरुद्ध एक अशा मताने सांगितले की, चागोस बेटे आपल्यापासून तोडून घेतली गेली तेव्हा आपली वसाहतमुक्ती कायद्याने पुरी झाली नव्हती आणि ब्रिटनने तेथील कारभार लवकरात लवकर संपवावा. एवढ्याशा देशाचे म्हणणे जगाने जेथे ऐकले, त्या इमारतीच्या फाटकासमोर आपल्या माणसाने पाच मिनिटे तरी उभे राहू नये काय?

मग लंडन. समुद्राखालच्या ५० किलोमीटर बोगद्यातून गाडी सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसहून तेथे पोचवते. राजवाडा, घंटाघर, दिव्यांची रोषणाई हे पाहावेच. पण पूर्वेकडील जुन्या गोद्यांत एक वस्तुसंग्रहालय आहे, तेही पाहावे. एके काळच्या साखरेच्या वखारीतच ते भरले आहे, आणि साखर व गुलामगिरी यांवर तेथे २००७ पासून एक दालन आहे. तेथील कथा मुख्यतः वेस्ट इंडीजची, परंतु व्यवस्था तीच. १८३५ मध्ये मॉरिशसचे गुलाम मुक्त झाले, तेव्हा ब्रिटिश सरकारने येथील मालकांना सुमारे वीस लाख पौंड भरपाई दिली. गुलामांना काही मिळाले नाही. आणि मळे ओस पडू नयेत म्हणून करारबद्ध मजुरांची जहाजे कलकत्ता, मद्रास व मुंबईहून येऊ लागली. कोकणातून निघालेले आपले पणजोबा-खापरपणजोबा त्याच प्रवाहात आले. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आपण दरवर्षी फुलांनी सजवतो. त्या पायऱ्यांचे दुसरे टोक लंडनच्या वखारीत आहे.

त्याच शहरात मेडा व्हेल भागातील हाउली प्लेस येथे लोकमान्य टिळक राहिले, त्या घरावर निळी पाटी आहे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेऊन स्मारक केले. व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयाकडील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यास गेली. ती शिवछत्रपतींचीच होती याचा पक्का पुरावा नाही, असे त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. महाराजांचे मोठेपण एका शस्त्रावर अवलंबून नाही. आणखी एक सोय सांगतो : लंडनमधील बहुतेक मोठी सरकारी संग्रहालये पाहण्यास पैसे पडत नाहीत. शिक्षकाच्या खिशाला हे मोठेच वरदान आहे.

आता सहलीच्या रीतीविषयी दोन शब्द. दहा दिवसांत सात शहरे दाखवण्याच्या जाहिराती आपण वाचतो. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर पॅरिसमध्ये तो जेमतेम सव्वाआठ तासांचा आणि लंडनमध्ये आठाच्याही आत. दुपारी चारच्या सुमारास लंडन अंधारते. त्यांतून बसचा प्रवास, सामानाची चढउतार आणि जेवण वजा केले, तर हातात काय उरते? फोटो उरतो. दोन आठवड्यांत तीन शहरे पुरेत. पाणी आत न येणारे बूट, एकावर एक घालता येतील असे पातळ लोकरी कपडे आणि चहाची थर्मास एवढे असले म्हणजे थंडीचा बाऊ करण्याचे कारण नाही. उजेड असेतो रस्ते पाहावेत, अंधारल्यावर संग्रहालये आणि चर्च.

कोणी म्हणेल, एवढा इतिहास शोधायचा तर आधी महाराष्ट्रात का जाऊ नये? अवश्य जावे. कोकण आपल्याला आपण कोठून निघालो ते सांगते. पॅरिस, हेग आणि लंडन आपण येथे का पोचलो ते सांगतात. दोन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय आपली गोष्ट पुरी होत नाही. आणि ती गोष्ट आपण सांगितली नाही, तर आपल्या मुलांना ती दुसरा कोणी सांगेल, आणि तीत आपले आजोबा केवळ एक नंबर म्हणून येतील.

आज आपली मंडळी परतल्यावर काय होते? चॉकलेटे वाटली जातात, फ्रिजवर चिकटवायचे चित्र लागते, आणि मुलांनी विचारले, "काय पाहिले?" तर उत्तरात किमती येतात. म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या गावोगावच्या बैठकांनी व मंडळ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत एक संध्याकाळ ठरवावी. त्या वर्षी सहलीहून आलेल्या जोडप्याने, पतीने आणि पत्नीने दोघांनीही, अर्धा अर्धा तास मराठीत बोलावे. चार फोटो दाखवावेत, एक नकाशा भिंतीवर लावावा. मराठी अडखळली तर अडखळू द्यावी, मध्ये क्रिओल शब्द आले तर येऊ द्यावेत. यास खर्च काही नाही. चहा आणि केळीचे काप पुरेत.

ज्या जोडप्यांनी पुढच्या डिसेंबरासाठी पैसे साठवण्यास सुरुवात केली आहे, त्यांना आमच्या शुभेच्छा. जाण्यापूर्वी मुलांकडून एक वही मागून घ्यावी, पहिल्या पानावर त्यांनाच प्रश्न लिहू द्यावेत, आणि परत आल्यावर त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. एवढे झाले तर घरातील वडीलधाऱ्यांनाही ही सहल उधळपट्टी वाटणार नाही, असा आम्हांस विश्वास आहे.